मारुती 800 ला 13 इंची अलॉय: घासण काढली तरी परत का येते?

लक्षण आधी सांगतो. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापलं की पुढच्या उजव्या चाकातून ‘खर्रर्र’. ब्रेक दाबत वळलं तर जास्त, एकटा असलो तर कमी, मागे तिघं बसले की मागचं डावं चाकही सुरात सूर मिळवतं. शिवाय 70 च्या पुढे स्टिअरिंगला बारीक थरथर. गॅरेजला नेलं की जातं, दीड-दोन महिन्यांत परत हजर. जुन्या गाडीला मोठी अलॉय लावल्यावर तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर एक करा, पहिला इलाज म्हणून मडगार्ड डेंटरच्या हातात देऊ नका. मी देऊन बसलो.

गाडी 1987 ची 800, वडिलांनी घेतलेली. हिला क्लासिक म्हणायचं की नुसती जुनी, यावर नागपूरच्या फुटाळा तलावावर चहा पिताना आमच्यात बरेचदा जुंपते. कायद्याच्या हिशोबाने ‘व्हिंटेज’ व्हायला 50 वर्षं लागतात आणि तीही मूळ रूपात, त्यामुळे माझी तशीही बाद. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, 12 इंची लोखंडी रिम, रिमवर 4.00 (इंचात रुंदी) ठोकलेलं, टायर 145/70 आर12. रंग नवा, सीटा नव्या, सायलेन्सर जरा मोकळा केलेला. एवढं झाल्यावर ती बारकी चाकं डोळ्यांत खुपायला लागली. वाडीतल्या एका टायरवाल्याकडे जुनी 13 बाय 6 ची (व्यास 13 इंच, रुंदी 6 इंच) अलॉय मिळाली, वर 175/60 आर13 टायर. मित्र म्हणाला, “काहून बे, 800 ला जिमचे बूट घालून राहिला का?” मला मात्र गाडी लई भारी दिसत होती.

आता माझे चार फसलेले इलाज, कारण तुम्हालाही हेच सुचवले जातील.

पहिला डेंटरचा. त्याने व्हील आर्चचा आतला ओठ मुडपला आणि मडगार्ड थोडं बाहेर ओढलं. रंगाला तडा गेला तो वेगळाच. दुसऱ्या गॅरेजवाल्याचं मत पडलं की टायर आत स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब) लागतोय, म्हणून त्याने 10 मिलिमीटरचे स्पेसर टाकले, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये बसणाऱ्या चकत्या. आवाज महिनाभर बंद, पण स्टिअरिंग जड झालं आणि खड्ड्यात गेलं की हातातून हिसका मारायला लागलं. तिसऱ्याने कॉइल स्प्रिंगमध्ये रबरी बफर कोंबले, गाडी उंच झाली आणि बैलगाडीसारखी आपटायला लागली. चौथ्यांदा नुसतं अलाइनमेंट. प्रत्येक वेळी चार-दोन मिलिमीटर जागा मिळायची आणि दोन महिन्यांत कोणीतरी ती खाऊन टाकायचं. कोण खातंय हे बघायचं कोणालाच सुचलं नाही, मला धरून.

आधी कागदावरचा हिशोब, दहा मिनिटांचा आहे. 145/70 आर12 मध्ये 145 ही मिलिमीटरमधली रुंदी, 70 हा टक्का आणि 12 रिमचा इंच. टायरची उंची काढायला रुंदीला टक्क्याने गुणा, दुप्पट करा, रिमचा इंच 25.4 ने गुणून त्यात मिळवा. 145/70 आर12 ची उंची येते 508 मिलिमीटर. 175/60 आर13 ची 540. म्हणजे चाक 32 मिलिमीटर उंच झालं, त्यातलं अर्धं, 16, आर्चच्या दिशेने वर गेलं. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी जवळपास 64 ने पळत असते. आणि गिअर तेवढे लांब झाल्यासारखे होतात. सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर चौघांना घेऊन तिसऱ्यात चढणारी 800 दुसरा मागायला लागते ती यामुळे. मी उगाच कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो.

पण उंचीपेक्षा रुंदीचा त्रास मोठा, आणि तो लोक मोजत नाहीत. 4 इंची रिमच्या जागी 6 इंची आली तर ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा भाग किती बाहेर आहे ते अंतर) तोच धरला तरी आत एक इंच आणि बाहेर एक इंच वाढतं. बाजारातल्या रुंद अलॉयचा ऑफसेट बहुधा मूळ रिमपेक्षा कमी असतो, म्हणून आतला थोडा भाग वाचतो आणि तो सगळा बाहेर जातो. मोजायला सोपं आहे: चाक पालथं घाला, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत खोली मोजा. मूळ रिमची आणि अलॉयची. समजा मूळ 100 भरली आणि अलॉयची 110, तर टायरची आतली बाजू 10 मिलिमीटर आत गेली. बाहेरच्या बाजूचं गणित एकूण रुंदीतून. टायरचं पोट रिमच्या बाहेर येतं तेही धरा. चाक जितकं बाहेर, तितकं ते वळताना मोठा फेरा घेतं. स्पेसरने माझा हा फेरा आणखी वाढवला होता, म्हणजे रोग बाहेरचा आणि औषध बाहेर ढकलणारं.

कुठे घासतं ते कानाने ठरवू नका. आवाज पत्र्यातून फिरतो, उजवीकडचा डावीकडे ऐकू येतो. मी पानठेल्यावरून खायच्या चुन्याच्या दोन पुड्या आणल्या. पानवाल्याने विचारलं, “खर्रा नाही का भाऊ आज?” म्हटलं, गाडीला खिलवायचाय. चुना पाण्यात कालवून आर्चच्या आत, लायनरवर, मडगार्डच्या खालच्या टोकाला आणि स्ट्रटवर ब्रशने लावला, वाळू दिला. मग घरामागच्या मोकळ्या मैदानात सावकाश दोन्हीकडे फुल लॉक (स्टिअरिंग पूर्ण कापून), एकदा ब्रेक मारत, एकदा न मारता. उतरून बॅटरी मारली. डेंटरने मुडपलेल्या ओठावरचा चुना जसाच्या तसा. स्ट्रटवरचाही. पुसला गेला होता तो मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातला, दरवाज्याजवळचा, तळहाताएवढा पट्टा. पहिल्या दोन गॅरेजनी जिथे काम केलं तिथे रोगच नव्हता.

जागा कळली की अर्धं काम होतं. चाक वर-खाली होताना लागत असेल तर आर्चच्या माथ्यावर खूण उमटते. माझी खूण मागच्या कोपऱ्यात, तीही ब्रेक मारल्यावर. म्हणजे चाक मागे सरकत होतं. चाकाने मागे सरकायचं काही कारण नाही, कोणीतरी त्याला धरून ठेवायला हवं. या 800 मध्ये पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, एका बाजूने बुशवर (जोडातली रबरी गादी) असतो आणि त्याला पुढे-मागे धरायचं काम स्टॅबिलायझर बार करतो. बारचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्ही बाजूंना रबरी बुश आणि वाट्या. तो बुश दबला की चाक ब्रेकला मागे आणि ॲक्सिलरेटरला पुढे. जुन्या सगळ्याच गाड्यांत हे होतं, पण 12 इंची बारक्या चाकाला जागाच इतकी असते की पत्ता लागत नाही. मोठं चाक आलं आणि वर्षांचा झिजलेला बुश उघडा पडला. रुंद आणि बाहेर आलेलं चाक ब्रेकला त्या बुशवर जास्त ताण देतं, म्हणून तो झिजतोही लवकर. दोन-दोन महिन्यांत जागा खाणारा तो हाच.

तपासायची माझी पद्धत अशी. सपाट जागा, मडगार्डच्या मागच्या कडेवर चिकटपट्टी. गाडी दोन फूट पुढे नेऊन ब्रेकवर थांबवा, हँडब्रेक लावून चिकटपट्टीपासून टायरपर्यंतची फट पट्टीने मोजा. मग दोन फूट रिव्हर्स, ब्रेक, परत मोजा. स्टिअरिंग दोन्ही वेळी सरळ. माझ्या उजव्या चाकाचा फरक आला 11 मिलिमीटर, डाव्याचा 6. नवे बुश बसवल्यावर दोन्हीकडे दोनच्या आसपास राहिला. चाकाखाली बसून टामीने हलवूनही कळतं, पण तेव्हा गाडी फक्त जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा.

बुश घेताना काळजी घ्या. दुकानदार दोन प्रकार पुढे करतो आणि स्वस्तवाला रबर आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पार गेला की, भाकरीसारखा तडकतो. शिवाय बारच्या टोकाचा आणि आर्मचा नट चाकं हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळू नका. गाडी जमिनीवर उतरवून, तिच्या वजनावर बसली की आवळा. लटकत्या अवस्थेत आवळला तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि परत दोन महिने.

मागचं डावं चाक वेगळ्याच कारणाने घासत होतं. रामटेकला पाच माणसं घेऊन गेलो तेव्हा चढावर नुसतं ‘घुर्र घुर्र’. मागचा ॲक्सल एकाच बाजूला लागत असेल तर तो आडवा सरकलाय का बघा. ॲक्सलला आडवं धरणाऱ्या लॅटरल रॉडचा बुश गेला की तसं होतं. स्प्रिंगही बसल्या होत्या. हबच्या मधापासून आर्चच्या कडेपर्यंत मोजलं तर डावीकडे 14 मिलिमीटर कमी. वर्षानुवर्षं गॅस सिलिंडर डाव्या बाजूला ठेवून नेले, असं वडिलांचं स्पष्टीकरण. खरं-खोटं देव जाणे, स्प्रिंगची जोडी बदलली. आधी कोंबलेले रबरी बफर काढून टाकले. ते बसलेल्या स्प्रिंगला उंची देतात पण तिची चाल मारतात.

मागे किती जागा उरते ते बघायला कणकेचा गोळा वापरला. लिंबाएवढा गोळा आर्चच्या आत, टायरच्या बरोबर वर चिकटवला, घरच्या चौघांना बसवून जयताळ्याकडच्या स्पीडब्रेकरवरून दोनदा गेलो आणि चपटा झालेला गोळा चाकूने कापून मोजला. 9 मिलिमीटर. आईने बाकीच्या कणकेच्या पोळ्या केल्या आणि मला वाढताना म्हणाली, “ही गाडीची उरलेली.”

आता थरथर. ही घासण्यापासून वेगळी तक्रार आहे, पण अलॉयबरोबर जोडीने येते म्हणून लोक एकात एक मिसळतात. आधी ठरवा ती कुठे लागते: स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. फक्त ब्रेकला असेल तर डिस्क बघा, रिमला दोष देऊ नका. माझी स्टिअरिंगमध्ये, 70 ते 85 च्या दरम्यान, पुढे कमी. दोन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, वजनं चिकटवून रिम आतून शिशाची दिसायला लागली, फरक शून्य.

कारण साधं निघालं. ही अलॉय आठ भोकांची होती, म्हणजे चार नटांच्या 100 पीसीडीलाही (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिलिमीटरमधला व्यास) चालतात आणि 114.3 लाही. 800 चं पीसीडी 114.3. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजलं की पीसीडी कळतं. पण सगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून अशा रिमचं मधलं भोक मोठं ठेवतात, माझं 73.1 मिलिमीटर. हबचा गोल त्याहून बराच लहान. सभोवती एवढी फट की बोट फिरेल. मूळ रिम हबच्या गोलावर बसून आपोआप मध्यावर येते. ही अलॉय नुसती चार नटांवर टांगलेली, आणि ज्याने जसे नट आवळले तसं चाक तिरपं बसायचं. बॅलन्सिंग मशीनवर चाक शंकूवर बसतं, तिथे ते बरोबरच दाखवतं. गाडीवर आलं की मधातून सरकलेलं.

यावर मधल्या फटीत बसणारी रिंग टाकतात. आधी प्लॅस्टिकची घेतली, एका उन्हाळ्यात चिरली. मग हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्हर्नियर लावून हब तीन ठिकाणी मोजला, चष्मा वर करून म्हणाला, “भाऊ, तुमची रिम खराब नाही जी, उपाशी आहे. मधात भरायला पायजे.” ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातून दिल्या, अंगठ्याने दाबल्या की बसतील अशा. हातोडीने ठोकाव्या लागत असतील तर रिंग घट्ट झाली, पुढच्या पंक्चरला रस्त्यावर निघणार नाही. पुढचा आणि मागचा हब वेगवेगळा मोजून घ्या, आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय माप देऊ नका. रिंगा टाकल्या, परत बॅलन्सिंग केलं, थरथर त्याच दिवशी गेली.

नटांचं दोन ओळीत: 800 चे स्टड 12 बाय 1.25 चे. अलॉयची बैठक जाड असते, त्यात स्पेसर आला की नटाला आटे कमी मिळतात. हाताने नट फिरवून पूर्ण वळसे मोजा, 10 पेक्षा कमी असतील तर ती चाकं घेऊन वर्धा रोडला लागू नका. स्पेसर मी भंगारात घातले. नट अलॉयच्या बैठकीला जुळणारे टॅपरवालेच हवेत, समोरासमोर आवळायचे, मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर), आणि 50-100 किलोमीटरनंतर परत एकदा. टायरवाले हवेच्या गनने आवळतात तेव्हा त्यांच्या हातातून पाना मागून घ्यायला लाजू नका.

अलॉय हलकी असते हा समजही मोडून टाकतो. भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं टायरसकट तोलली: जुनं लोखंडी साडेदहा किलो, माझं अलॉय साडेतेरा. तीन किलो जास्तीचं चाक दर खड्ड्याला बुशवर, बॉल जॉइंटवर आणि टाय रॉड एंडवर आपटतं. बाजारातली साधी ओतीव अलॉय दिसायला असतात, वजनाला नाही.

म्हणून शेवटी 13 बाय 6 ची विकली. 13 बाय 5 ची घेतली, 114.3 ची, टायर 155/65 आर13. उंची 532, म्हणजे मूळपेक्षा 24 मिलिमीटर जास्त, काटा 60 ला खरा वेग 63 च्या आत. 155 चा टायर 6 इंची रिमवर ताणून बसवायचा हट्ट काही पोट्टे करतात. तो टायर तेवढ्या रुंदीसाठी बनलेलाच नाही. भार-क्रमांकही बघा. जुन्या टायरवर 69 होता, म्हणजे एका टायरला 325 किलो. नव्यावर 73, 365 किलो. मूळपेक्षा खालचा आकडा कधीच घेऊ नका. जुन्या अलॉयवर चढवलेले टायर फुकट मिळाले तरी कडेवरचे चार आकडे वाचा. 2219 म्हणजे 2019 चा 22 वा आठवडा.

मित्रांनी सुचवलेला आणखी एक उपाय होता, स्टिअरिंगला लॉकच कमी ठेवायचा, रॅकवर वॉशर टाकून. घासण नक्की जाईल. पण 800 ची वळायची त्रिज्या 4.4 मीटर, इतवारीच्या गल्लीत ही गाडी जिथे फिरते तिथे आजच्या गाड्या तीनदा पुढे-मागे करतात. ते सुख अलॉयच्या नादात घालवायचं असेल तर मग गाडी ठेवायचीच कशाला?

कामाचा क्रम मी उलटा केला होता, तुम्ही सरळ करा. आधी बुश आणि स्प्रिंग, मग रिंग आणि बॅलन्सिंग, त्यानंतर अलाइनमेंट, आणि एवढं होऊनही चुना पुसला जात असेल तरच पत्रा. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट मशीनवरून उतरताच बिघडतं, ते पैसे मी दोनदा भरलेत. हवा सकाळी, गाडी उन्हात जायच्या आधी तपासा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो बघून हवा काढली की रात्री टायर बसतो आणि सिमेंट रोडच्या जोडांवर रिमची कड मार खाते.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांवर बंधन आहे, आणि 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणी नव्याने करायला गाडी आरटीओत उभी करावी लागते. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावणारी गाडी तिथे नेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. विमा कंपनीलाही अलॉय लावल्याचं लेखी कळवा. मूळ चार लोखंडी रिमा मी गच्चीवर गोणपाटात बांधून ठेवल्यात, विकल्या नाहीत.

आठ महिने झाले, कोपऱ्यातला चुना अजून पांढरा आहे. डेंटरने मुडपलेल्या ओठाच्या घडीत मात्र पाणी साचून गंज धरलाय, उजव्या बाजूला टिचकी मारली की खपली पडते. पावसाळ्याआधी तो खरवडून प्रायमर मारायचाय.